चंद्रीच्या पोटावरचं धुकं

पडद्यावर धुकं होतं. नुसतं करडं, दाट, कुठे जरा फिकट, कुठे जरा गडद. थंडीच्या दिवसांत पहाटे रेणा नदीच्या काठाने पसरतं तसं. त्या धुक्यात एक वासरू असायला हवं होतं. वासराच्या छातीत एक हृदय, आणि ते हृदय लवलवत असायला हवं होतं. पण महामायाला वासराची एक फासळीसुद्धा दिसत नव्हती.

ती गोठ्यात पोत्यावर गुडघे टेकून बसली होती. उजव्या हातातला सोनोग्राफीचा प्रोब गाईच्या पोटाला लावलेला, डाव्या हाताशी उपड्या घमेल्यावर ठेवलेलं डब्याएवढं मशीन. कोवळं असलं तरी ऊन थेट पडद्यावर येत होतं, म्हणून तिने डोक्यावरून घोंगडी घेतली होती.

"जुन्या काळच्या फोटोवाल्यासारख्या दिसून राहिलात म्याडम," बाहेरून मल्लिनाथ म्हणाला. "आता फक्त 'हसा' म्हणा. चंद्री हसंल."

"फोटो येईना झालाय, हसवून काय करू?"

"आमच्या जुन्या टीव्हीचं असंच व्हायचं. वरून दोन चापट्या मारल्या की चित्र यायचं."

"मशीनला हात लावू नका हं, खरंच सांगते."

"मी कशाला लावू? तुम्हीच मारा, तुमचं हाय."

खांबाला टेकून बसलेल्या कमलम्मा मात्र काहीच बोलत नव्हत्या. साठी उलटलेली, बारीक बांध्याची बाई. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि नजर गाईच्या पोटावरून हलायला तयार नाही. मल्लिनाथ त्यांचा मुलगा, लातूरला अडत्याकडे कामाला. पण गाय कमलम्मांची. देवणी जातीची, तोंड तेवढं काळं आणि बाकी अंग दुधासारखं पांढरंशुभ्र. म्हणून नाव चंद्री.

चंद्रीला सातवा महिना होता. परवा सकाळी पाण्याच्या हौदाजवळ शेवाळावर तिचा पाय घसरला आणि ती कुशीवर पडली. उठली आपली आपण, चारा खाल्ला, लंगडलीही नाही. पण रोज सकाळी थंडगार पाणी पोटात गेलं की उजव्या कुशीत वासरू आतून ढुशी द्यायचं, आणि कमलम्मा ते बघितल्याशिवाय चहा घ्यायच्या नाहीत. पडल्यापासून ढुशी बंद होती. दोन सकाळी त्यांनी चहा घेतला नव्हता.

महामायाने आधी हात घालून पाहिलं होतं. सातव्या महिन्यात वासरू पोटात खाली उतरतं. बोटांना काही लागलं नाही. म्हणून मग पोटावरून सोनोग्राफी. आणि सोनोग्राफीत हे असं.

तिने उदगीरच्या सरांना फोन लावला. तिला शिकवणारे सर, आता निवृत्तीला आलेले.

"गाय खाते का?" सरांनी विचारलं.

"थोडं कमी, पण खाते. ताप नाही."

"मग उद्या दुपारपर्यंत थांबायला हरकत नाही. त्यापुढे नको. वासरू मेलेलं असेल तर इंजेक्शन देऊन पाडून घ्यायचं, नाहीतर पोटात सडतं आणि गाय हातची जाते. आणि हे बघ, जिवंत असेल तर..."

"तर इंजेक्शननेच मरेल. माहीत आहे सर. सातव्या महिन्यातलं बाहेर जगत नाही."

"म्हणून म्हणतो, हृदय बघ. हललं तर हात लावू नकोस. थांबलेलं दिसलं तर उशीर करू नकोस."

"पण सर, मला थांबलेलंही दिसेना आणि हललेलंही दिसेना. मला काहीच दिसेना."

"मग आधी ते शोध," सर म्हणाले.

फोन ठेवून तिने उजेडाचं बटण वर नेलं, खाली आणलं. चित्राची खोली वाढवली, कमी केली. बॅटरीवर चालवून पाहिलं, गोठ्यातल्या पंख्याची वायर काढून पाहिलं. स्पिरिटचा बोळा फिरवला, आणखी जेल ओतलं. धुकं जागचं हललं नाही. शेवटी ती म्हणाली, "अम्मा, एवढ्या जागेचे केस कापू द्या. हाताच्या पंजाएवढी जागा. केसांत हवा अडकते आणि चित्र येत नाही."

"न्हाई बाई." कमलम्मा पहिल्यांदा बोलल्या. "गाभण जनावराला कात्री लावत न्हाईत आमच्यात. ते तेवढं सोडून काय बी करा."

"अगं अम्मा, केसच तर हायत!" मल्लिनाथ वैतागला. "म्याडम, माझं ऐका. इंजेक्शन देऊन मोकळं करा. गेल्या खेपंला असंच थांबलो, अन् वासरू मेलेलंच निघालं. निदान गाय तरी वाचंल."

"तू लातूरला जा," कमलम्मा म्हणाल्या. "तुझी गाडी जाईल."

"गाडी नवाला हाय."

"मंग चालत जा."

महामाया घोंगडीखालून बाहेर आली. इंजेक्शनची बाटली तिच्या पेटीत होती, हात लांबवला की हाताला लागेल एवढ्या अंतरावर. तिने पेटी बंद केली. "उद्या सकाळी येते अम्मा," ती म्हणाली. "तोवर कुणीही काही करायचं नाही."

*

घरी आली तेव्हा तिची दहा महिन्यांची आमू आजीच्या मांडीवर बसून चिंचोक्यांची वाटी उपडी करत होती. महामायाची आई लोह्याहून आठ दिवसांसाठी आली होती, आणि येताना घरची चिंच घेऊन आली होती. फोडायची ती इथे बसून, नातीशी गप्पा मारत.

"तोंडात घालंल गं ती."

"मी बसलेय की बघत. तू तुझ्या चपला काढ आधी."

आमूला दूध पाजता पाजता महामाया मशीनकडे बघत राहिली. दोष नेमका कुठे, हेच कळत नव्हतं. मशीन बिघडलं असेल तर उद्याही तेच धुकं, परवाही तेच. मशीन ठीक असेल तर मग... पण ठीक आहे हे कळायचं कसं? एखादी वस्तू अशी हवी की जिच्या आत काय आहे ते तिला आधीच ठाऊक असेल.

आमू झोपेला आली नाही, उलट ताजीतवानी झाली. महामायाने तिला खाली ठेवलं, पेटीतला रबरी हातमोजा काढला, नळाखाली भरला, आणि वाटीतला एक चिंचोका उचलून त्यात टाकला. मोज्याला गाठ मारून तो ताटात ठेवला. वरून जेल, जेलवर प्रोब.

पडद्यावर शाईसारखं काळं, नितळ पाणी उमटलं. त्या काळ्यात तळाशी एक पांढरी कड, चंद्राच्या कोरीसारखी, आणि कोरीच्या मागे सावलीचं लांब शेपूट. चिंचोका! इतका स्पष्ट, की त्याच्या पाठीवरचा फुगवटाही कळावा.

"बघू बघू," आई जवळ सरकली. "एवढी डॉक्टर झालीस अन् चिंचोके खेळून राहिलीस."

आमूने दोन्ही हातांनी मोज्यावर थापा मारल्या. आतला चिंचोका उडाला, पडद्यावरची कोर नाचली. आमू खिदळली, परत थाप मारली. दर थापेला कोर उडत होती आणि महामाया त्या कोरीकडे एकटक बघत होती. हलतं ते दिसतंय. बारीकसारीक सगळं दिसतंय. मशीन एकदम शहाणं आहे. गाय तर पोटात वासरू घेऊन उभी आहे, तिचा काय दोष? मग बिघडलंय ते मशीनचं नाही आणि गाईचंही नाही. बिघडलंय ते दोघांच्या मधलं.

मध्ये काय होतं? जेल होतं. केस होते. चामडं होतं.

"उद्या लवकर जाईन मी," ती म्हणाली.

"जा. हिला मी बघते. पण तो फुगा ठेवून जा."

*

सकाळी तिने चंद्रीला लावायच्या आधी प्रोब शेजारच्या म्हशीला लावला. म्हशीचं काम काहीच नव्हतं, तिने मान वळवून नाराजीने बघितलं. पण चित्र आलं: कातडी, मांस, आतड्याची भिंत, थरावर थर. म्हणजे गोठ्यात दोष नाही. मग चंद्रीच्या डाव्या कुशीवर. तिथेही चित्र आलं. पोटातला चारा घुसळणारी भिंत आत-बाहेर होत होती. म्हणजे या गाईच्या केसांतूनही दिसतं!

"काल रुसलेलं मशीन आज बोलून राहिलं की," मल्लिनाथ म्हणाला. आज तो कामावर गेला नव्हता.

महामाया उजवीकडे आली. कासेच्या पुढे, खालच्या अंगाला, जिथे वासरू असायला हवं नेमकं तिथे प्रोब टेकवला. धुकं. दोन विती मागे सरकवला, चित्र. परत पुढे, धुकं. जणू कुणीतरी तेवढ्याच जागेवर काच लावून तिच्यावर फुंकर घातली होती.

तिने प्रोब उचलून डोळ्यांसमोर धरला. बाटलीतलं जेल निळसर, स्वच्छ. प्रोबवरचं जेल मात्र पाटीच्या रंगाचं झालं होतं. कालही झालं असणार. गोठ्यातली धूळ म्हणून तिने न बघताच पुसून टाकलं होतं. तिने आता त्यातलं थोडं दोन बोटांत घेऊन चोळलं. मऊ, पण आत बारीक कचकच. दातवणाच्या पुडीसारखी. वास घेतला. शेणीचा जळका, गोडसर वास, त्यात थोडं तेल.

चंद्रीचं पोट पांढरं. त्यावर हे कोरडं, फिकं असताना दिसणार कसं? म्हशीच्या अंगावर असतं तर लांबून दिसलं असतं.

महामायाने वर पाहिलं. कमलम्मांच्या कपाळावरचे तीन पट्टे सकाळच्या उन्हात ताजे, कोरडे, स्वच्छ दिसत होते.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "चंद्रीच्या पोटाला काय लावता?"

"कुठं काय?"

"इथे. रोज लावता ना?"

"धूळ असंल. गोठा हाय."

"डाव्या बाजूला धूळ नाही अम्मा. म्हशीलाही नाही. फक्त इथेच आहे, आणि पार केसांच्या मुळाशी बसलीय. चार-दोन दिवसांची नाही ही."

कमलम्मांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मल्लिनाथकडे बघितलं, मग महामायाकडे, मग जमिनीकडे. "मल्ल्या, जा, पाणी तापव," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"जा म्हणलं की जायचं."

तो गेला तशा त्या पुढे आल्या आणि चंद्रीच्या कुशीवर हात ठेवून, गाईशीच बोलल्यासारखं बोलल्या. "गेल्या खेपंचं वासरू गेलं, तवापासून. पूजा झाली की तीच विभूती आणून लावते. बोटाला जरासं तेल घेते, म्हंजी चिकटून ऱ्हाती. आतल्याला लागावी म्हणून दाबून चोळते. अन् वरून पदरानं पुसते."

"पुसता कशाला?"

"मल्ल्या हसतो. अन् तुमी..."

"मी काय?"

"तुमी बुद्धाच्या. तुमच्यात असलं काय न्हाई. म्हणलं डॉक्टरीणबाई काय म्हणतील, म्हातारी येडी हाय म्हणतील. काल तुमी इचारलं असतं तरी सांगितलं नसतं."

महामायाला हसू आलं. "अम्मा, आमू पोटात होती तेव्हा माझी आई रोज माझ्या पोटाला खोबरेल चोळायची. लोह्याहून आणलेलं, घाण्याचं. सोनोग्राफीच्या दिवशीसुद्धा. मी तेलकट पोट घेऊन गेले तर तिथली बाई ओरडली माझ्यावर, डॉक्टर आहेस ना, म्हणाली."

"मंग?"

"मग काय, पुसलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी आईने परत लावलं."

कमलम्मा ओठ मुडपून हसल्या, पण लगेच चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यामुळं दिसंना?"

"चपात्या लाटताना पोळपाटावर पीठ भुरभुरवता ना? कशाला?"

"चिकटू नये म्हणून."

"तेच झालंय. हे मशीन आत आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा, आणि आतून परत आलेल्या आवाजाचं चित्र काढतं. त्या आवाजाला कातडीला चिकटावं लागतं. विभूतीच्या कणाकणात हवा दडलेली असते. आवाज तिथल्या तिथे आपटून माघारी येतो. वासरापर्यंत जातच नाही."

"वासराला त्रास?"

"विभूतीने? काही नाही. त्रास मला झाला."

कमलम्मांनी चंद्रीच्या कुशीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "धुवायची तर मी धुते. दुसऱ्यानं न्हाई. अन् ते पाणी खाली सांडायचं न्हाई, पायाखाली येतंय."

मल्लिनाथ गरम पाण्याची बादली घेऊन आला तेव्हा त्याची आई गाईखाली पितळी परात धरून बसली होती. "हे काय नवीन?" त्याने विचारलं. कमलम्मा अंगाच्या साबणाचा फेस करून, केसांच्या उलट दिशेने, बोटांच्या टोकांनी चोळत होत्या. लहान लेकराचं डोकं धुवावं तसं, डोळ्यांत जाऊ नये अशा बेताने. परातीत पाणी राखाडी उतरत होतं. ते भरलं की त्या स्वतः उठून अंगणातल्या बेलाच्या आळ्यात ओतून येत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ उतरलं.

"हे सगळं हिच्या अंगावर होतं?" मल्लिनाथ परातीत डोकावला, मग त्याने आईच्या कपाळाकडे बघितलं. या वेळी तो विभूतीला हसला नाही.

महामायाने केस स्पिरिटने भिजवले, जेल चोळून मुरू दिलं. घाई करून उपयोग नव्हता. चंद्री शांतपणे रवंथ करत होती. मग महामायाने प्रोब टेकवला.

धुकं नव्हतं.

कातडीची रेघ, त्याखाली मांसाचा पट्टा, आणि त्याच्या खाली काळंभोर पाणी. त्यात एक पांढरी शिडी आडवी पडलेली. शिडीची एकेक पायरी मोजता यावी.

"हे काय हाय?" कमलम्मांनी विचारलं.

"फासळ्या. वासराच्या."

"हलंना."

"फासळ्या हलणार नाहीत. थांबा." तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. तिने मनगट केसभर वळवलं. फासळ्या, सावली, फासळ्या. काहीच हलत नव्हतं. आणखी केसभर. दिसत नव्हतं तेव्हा निदान आशा होती. आता सगळं लख्ख दिसत होतं आणि त्या लख्ख चित्रात कुठेच हालचाल नव्हती. मल्लिनाथने पेटीकडे एकदा बघितलं. महामायाच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला. चंद्रीने अंग सावरत पाय बदलला, आणि प्रोब आपसूक बोटभर पुढे सरकला.

दोन फासळ्यांच्या मधल्या काळ्या फटीत काहीतरी लवलवत होतं.

महामायाने दुसऱ्या हाताने कमलम्मांचं बोट धरलं आणि पडद्याजवळ नेलं. मूठभर जागा, उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती. जणू आत कुणी एवढासा पंखा हलवत बसलंय.

"हे?" कमलम्मांनी विचारलं.

"हेच."

"जितं हाय?"

"हाय," महामाया त्यांच्याच बोलीत म्हणाली. "धडधडीत हाय."

कमलम्मा खाली बसल्या. मग परत उठल्या, परत वाकून बघितलं. "मंग ढुशी का देत न्हाई ह्यो?"

"आपटल्याने दमला असेल. किंवा अंग वळवून बसला असेल, पाठ इकडे केली असेल. ते मला नाही सांगता यायचं." तिला खरंच ठाऊक नव्हतं, आणि आता ते शोधावंसं वाटत होतं. "रोज सकाळी येऊन बघेन. इंजेक्शन नाही द्यायचं. आणि अम्मा, विभूती..."

"बंद करते."

"बंद नका करू. डाव्या बाजूला लावा. उजवी बाजू माझी."

"देवाला डावं-उजवं असतंय व्हय?"

"देवाला नसतं. मशीनला असतं."

मल्लिनाथ इतक्या जोरात हसला की म्हशीने पुन्हा मान वळवली. महामायाने मात्र प्रोब हलवला नव्हता. "मला आता ठोके मोजायचेत," ती म्हणाली. "मिनिटाला शंभराच्या वर हवेत. फोनवर पंधरा सेकंद लावा आणि सांगा मला."

"लावले. सुरू."

महामाया मोजू लागली, "एक, दोन, तीन..." आणि तिच्या कानाशी दुसरा आवाज सुरू झाला, "वंदु, एरडु, मूरु, नाक्कु..." कमलम्मांचं माहेर भालकीकडचं, आकडे त्यांना कानडीतच यायचे. बोट पडद्यावर, मान दर ठोक्याला हलतेय. महामाया नवावर आली तोवर त्या आरुवर, म्हणजे सहावर होत्या, आणि नवानंतर महामायाच्या तोंडून दहाऐवजी त्यांचं सात, "एळु" निघालं.

"अम्मा, मी चुकले. परत."

"मी कुठं चुकले? तुमी मोजा की तुमचं."

"म्याडम, पुन्हा लावू? अम्मा, तू मनात मोज."

"मनात कसं मोजायचं? इसरतंय."

दुसऱ्यांदा लावलं, दोघी दोन भाषांत एकमेकींच्या अंगावर पडत बाराला अडकल्या. तिसऱ्यांदा महामायाने डोळे पडद्यावर रोवले, ओठ मिटले आणि फक्त आत मोजलं. पंधरा सेकंद झाले, मल्लिनाथ म्हणाला "बस". अठ्ठावीस. चोक एकशे बारा. अगदी व्यवस्थित.

"झालं अम्मा, मिळाले," महामाया म्हणाली.

पण कमलम्मा थांबल्या नव्हत्या. पडद्यावरचं बोट न उचलता त्या एका सुरात मोजतच होत्या, आणि महामायाने प्रोब होता तिथेच धरून ठेवला.